जुन्या खुब्याची साक्ष

बारक्या उभा राहिला की दाराची चौकट भरून जायची. तरी तो बारक्याच. कारण त्याच्याआधी घरात दादा जन्माला आला होता, आणि धाकट्याला एकदा नाव पडलं की केस पांढरे झाले तरी ते सुटत नाही. दादा त्याच्या खांद्यालाही पुरा लागायचा नाही. दोघं मिळून मोठी काच उचलायचे तेव्हा ती एका बाजूला कललेली असायची, आणि ओळखीची माणसं रस्त्यातून ओरडायची, "अहो, सांभाळा, तुमच्या काचेतला सगळा रस्ता उतरणीला लागलाय!"

खाली दोघांचं काचेचं दुकान. तावदानं, आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा. मागच्या बाजूला काच कापायचं लांबलचक टेबल, त्याच्यावर जाड लोकरी कापड. वरच्या मजल्यावर बारक्या आणि त्याची बायको. त्याच्यावर गच्चीला लागून एक खोली, तिथे दादा. दादाची बायको लग्नानंतर लवकरच देवाघरी गेली. मूलबाळ नाही. दोन्ही वेळा तो जेवायला भावाकडे उतरायचा आणि जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवायचा. कितीही सांगितलं तरी ऐकायचा नाही.

त्या दिवशी बारक्याची बायको दुपारीच घरी आली. ती बसस्थानकावर तिकिटाच्या खिडकीत बसायची. खिडकीबाहेरच्या माणसांची बोलणी दिवसभर ऐकून घ्यायची तिला सवय होती. पण आज ती स्वतः दोन खिडक्यांच्या बाहेर उभी राहून आली होती, आणि ते तिला मुळीच मानवलं नव्हतं.

"काय म्हणाले?" बारक्यानं विचारलं. तो खुर्चीत तिरका बसला होता, डावा पाय लांब करून.

"काय म्हणणार? नवीन विमा कंपनी म्हणते, दुखणं जुनं आहे, आमच्याकडे येण्याआधीच्या अपघाताचं आहे, आम्ही देत नाही. म्हणून जुन्या कंपनीकडे गेले. ती म्हणते, जुनं दुखणं केव्हाच बरं झालं, हे नवीन आहे, वयाचं आहे. आता या खुब्यानं स्वतःचा जन्मदाखला कुठून आणायचा, सांगा!"

बारक्या हसला. हसताना खुब्यात कळ गेली, तशी त्यानं टेबलाची कड धरली.

"हसू नका हो. इकडे मला रडू येतंय."

"मग काय करू? खुब्याला बोलतं करू?"

"तेच करायचं होतं. वेळच्या वेळी."

खालून दादाचं गाणं ऐकू येत होतं. काचेवर कापायचा हिरा ओढायच्या आधी तो थांबायचा, श्वास रोखायचा, सर्रकन् रेघ ओढायचा आणि रेघ संपली की देवाचं गाणं सोडलं होतं तिथून पुढे धरायचा. बायकोनं खिडकी लावून घेतली.

हाडांच्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं. खुब्याची वाटी झिजून हाडाला हाड लागलंय. सांधा बदलायला हवा, आणि लवकर. उशीर केला तर वाटी बसवायलाही धड हाड उरणार नाही. आधी काच उचलणं जाईल, मग जिना जाईल, मग काठी येईल, आणि काठीवरही फार काळ निभणार नाही. विम्याशिवाय ती शस्त्रक्रिया करायची तर दुकान विकावं लागलं असतं. दुकान विकलं की दादा काय करणार? त्या माणसाला काच आणि गाणं सोडून तिसरं काही येत नव्हतं.

आता हे दुखणं जुनं होतं यात बायकोला तिळमात्र शंका नव्हती. ती लग्न होऊन आली ती या दुखण्याच्या घरातच आली. पण कंपनीच्या फाइलमध्ये ते नव्हतं, आणि ते का नव्हतं हेही तिला ठाऊक होतं. म्हणून तिचा राग खिडकीतल्या माणसांवर कमी आणि समोर तिरक्या बसलेल्या माणसावर जास्त होता.

झालं होतं ते असं. दोघं भाऊ तरुण होते. एका नव्या घराच्या अंगणात आरसा पोचवायचा होता. दादा गाडी मागे घेत होता, बारक्या पाठीमागे उभा राहून हातानं "ये, ये" करत होता. दादाचा पाय ब्रेकवर पडायचा तो भलतीकडे पडला. गाडीनं उडी घेतली आणि बारक्या गाडी आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. आरशाला ओरखडासुद्धा आला नाही. घरमालकीण नंतर कितीतरी दिवस लोकांना तेच सांगत होती, बाई, काय ती काच, टवका म्हणून उडाला नाही. बारक्याच्या डाव्या खुब्याची वाटी मात्र फुटली.

दुकानानं अपघाताचा विमा उतरवलेला होता. कंपनीनं कुरकुर न करता सगळं दिलं. पट्टी बसली, स्क्रू बसले. विम्याच्या कागदात एक चांगलं कलमही होतं, की याच दुखापतीतून पुढे कधीही काही उद्भवलं तर तो उपचारही याच विम्यात. फक्त कंपनीच्या डॉक्टरकडे अधूनमधून तपासणीला जायचं, आणि काय दुखतंय ते सांगायचं.

बारक्या उठून चालायला लागला, पण दादा बसला तो बसलाच. तो गाडीच्या चाकापाशी पुन्हा फिरकला नाही. गाडी चालवायची पाळी त्या फुटक्या खुब्याच्या माणसावर आली, आणि क्लच डाव्या पायाचा. ते जाऊ द्या. दादाचं गाणं थांबलं, हे जास्त वाईट झालं.

गावातल्या प्रार्थनेच्या सभागृहात दर आठवड्याला एक म्हातारे प्रवचनकार यायचे. ते नुसतं सांगायचे नाहीत, गायचे. एक चरण घ्यायचा, उलगडायचा, मध्येच गोष्ट सांगायची, हसवायचं, हसता हसता डोळ्यांत पाणी आणायचं आणि पुन्हा त्याच चरणावर येऊन उभं राहायचं. अशा माणसाच्या पाठीशी चरण उचलून धरणारा कोणीतरी लागतो, म्हणजे त्याला श्वास घ्यायला सवड मिळते. ते काम दादाचं. आवाज काही फार गोड नव्हता, पण असा भरवशाचा, की समोरच्या माणसाला वाटावं, आपण टेकलो तर हा धरेल. अपघातानंतर दादा सभागृहात जाईना. काम करताना गुणगुणेना. जेवताना मान वर करेना. प्रवचनकार एकदा स्वतः घरी आले, तर दादा त्यांना म्हणाला, "ज्या तोंडानं देवाचं नाव घेतो, त्याच अंगातला पाय भावावर गाडी घालतो. मला नाही जमणार महाराज."

मग पहिली तपासणी आली. दादा बरोबर गेला. नुसता गेला नाही, डॉक्टरच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, शिक्षेची वाट बघणाऱ्या पोरासारखा. डॉक्टरनं पाय हलवला, विचारलं, "कसं वाटतं? दुखतं?"

बारक्यानं दादाकडे पाहिलं. आणि म्हणाला, "देवाच्या कृपेनं एकदम बरं."

त्याच आठवड्यात दादा सभागृहात जाऊन प्रवचनकारांच्या मागे उभा राहिला. त्यानं चरण उचलला तेव्हा म्हाताऱ्यानं मागे वळून पाहिलं आणि पुढची ओळ विसरला. लोक हसले, रडले. बारक्या शेवटच्या रांगेत भिंतीकडेच्या खुर्चीवर बसला होता, कारण जमिनीवर मांडी घालणं त्याला जमत नव्हतं. खुब्यात कोणीतरी पेचकस फिरवत होतं. पण त्याला वाटलं, एवढं एक खोटं देव पदरात घेईल.

देव घेतो, हो. विमा कंपनी घेत नाही. दर तपासणीला दादा बरोबर, दर तपासणीला "देवाच्या कृपेनं बरं". शेवटी डॉक्टरनं लिहून टाकलं, पूर्ण बरा, तक्रार नाही. फाइल बंद झाली.

बारक्याला हे अंगवळणीही पडलेलं होतं. काचेच्या धंद्यात एक शिस्त असते. काच हातात असताना ओरडायचं नाही. बोट कापो, मधमाशी चावो, तोंडातून आवाज काढायचा नाही. कारण तुम्ही "आई गं" म्हणालात की दुसऱ्या टोकाचा माणूस दचकतो, आणि तो दचकला की काच दोघांच्या मानेवर. जी बोंब मारायची ती काच खाली ठेवल्यावर. बारक्याची काच कधी खाली ठेवलीच गेली नाही, असं त्याची बायको म्हणायची. सकाळी तो पलंगाच्या कडेला बसून पाय जमिनीला लावायच्या आधी दोन्ही हातांनी गादी दाबायचा, ते तिला दिसायचं. मोजे ती चढवायची. मग तो स्वयंपाकघरात दोन-चार फेऱ्या मारून खुबा जरा सैल करायचा, आणि मगच खाली दुकानात जायचा. दादाला दिसायचा तो सैल झालेला बारक्या.

"जुनी कंपनी एक करायला तयार आहे," बायको म्हणाली. तिनं पाणी पिऊन घेतलं होतं, आवाज जरा उतरला होता. "फाइल पुन्हा उघडतील. त्यांची डॉक्टर तपासेल. पण अपघातापासून तुमच्याबरोबर काम केलेला माणूस साक्षीला हवा, इतकी वर्षं पाय कसा होता ते सांगायला. बायकोचं चालत नाही म्हणाले. बायको काय, नवऱ्याची बाजू घेणारच. एकदा माझ्या घरी या म्हणावं."

"अपघातापासून माझ्याबरोबर म्हणजे..."

"म्हणजे कोण, ते तुम्हालाही कळतंय."

बारक्यानं जमिनीकडे पाहिलं. खाली गाणं चालू होतं.

"दादाला आधी सांगून टाका," ती म्हणाली. "आज. जेवताना. मी वाढते, तुम्ही सांगा."

"काय सांगू? तुझ्या हातून मोडलेलं कधी जुळलंच नाही? इतकी वर्षं तू गात होतास तेव्हा मी मागे बसून दात आवळत होतो?"

"हो. हेच."

"तो पुन्हा बसेल. या वयात बसला तर उठणार नाही."

"आणि तुम्ही? तुम्ही उठाल?"

"मी सांगतो ना तिथे. म्हणेन, दोन-तीन वर्षांपासून दुखतंय."

"आणि ते म्हणतील, बघा, वयाचंच. अहो, नवीन म्हटलंत की संपलं. जुनं म्हणायचंय, आणि मध्ये कधी थांबलं नव्हतं, असं म्हणायचंय. खरं आहे तेच म्हणायचंय, त्यात एवढं जड काय आहे?"

त्यात काय जड होतं ते तिला कळत नव्हतं असं नाही. तिनं खिडकी पुन्हा उघडली आणि कांदा चिरायला घेतला. कांदा नको असताना चिरला.

जेवताना बारक्यानं एवढंच सांगितलं, की खुब्याचं काम निघालंय, जुनी कंपनी साक्ष मागतेय. दादाचा घास हातातच राहिला.

"काम निघालंय म्हणजे? बरा होता ना तू?"

"झीज झालीये. वय झालं."

"वय झालं म्हणे! माझ्याआधी?" मग दादाचा चेहरा गंभीर झाला. "मी येतो. माझ्या हातून झालं, मी नाही सांगणार तर कोण सांगेल? देवानं मला तोंड कशाला दिलंय!" आणि बारक्याच्या बायकोकडे वळून म्हणाला, "अगं, माझा तो पांढरा सदरा धुऊन ठेवशील? साहेब लोकांपुढे बसायचं."

"ठेवते, भाऊजी," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या ताटात न मागता भात वाढला, असा दाणकन, की डाव ताटाला लागून वाजला.

विमा कंपनीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट चालू होती हे नशीब. बाहेर लांब बाक, एक सुकत चाललेलं झाड कुंडीत, आणि आत जायला काचेचं दार. बारक्याची नजर सवयीनं दाराच्या कडेला गेली. काच बसवायची लांबी वाळून भेगाळलेली, वरचा कोपरा मोकळा. दादानंही तेच पाहिलं. दोघांनी एकमेकांकडे बघून नाक मुरडलं. तेवढा एक क्षण सगळं नेहमीसारखं होतं.

बायकोला बाहेर थांबायला सांगितलं. "घरच्यांनी इथेच बसा." ती बाकावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. आत जाताना बारक्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

आत टेबलापलीकडे एक डॉक्टरबाई, चष्मा गळ्यात लटकवलेला, आणि शेजारी कंपनीचे साहेब. पडद्यामागे तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी पाय उचलला, वळवला, बोलल्या काही नाहीत. बारक्यानं सवयीनं तोंडातून आवाज काढला नाही. मग त्याला दादाच्या शेजारी बसवलं. पुन्हा तसंच, शेजारी शेजारी. दादाचे हात गुडघ्यांवर.

"तुम्ही यांचे भाऊ, आणि गाडी तुम्हीच चालवत होता," साहेब म्हणाले.

"मीच." दादा सरळ बसला. "माझाच पाय चुकला. त्यात याचा काही दोष नाही, गाडीचा नाही, कोणाचा नाही. लिहून घ्या."

"ते लिहिलेलं आहे. त्यानंतर यांचा पाय कसा होता?"

"बरा झाला. पूर्ण बरा! देवाच्या कृपेनं." दादाचा आवाज सभागृहातल्यासारखा भरला. "मी खोटं बोलणार नाही साहेब, आणि हाही बोलणार नाही. हा रडवा माणूस नाही. माझ्याबरोबर काचा उचलल्या, जिने चढला, गाडी चालवतो. कधी हूं नाही की चूं नाही. फुकटचं मागणारा असता तर तेव्हाच नसता का रडत बसला?"

साहेबांचं पेन भराभर चाललं. डॉक्टरबाईंनी हळूच डोळे मिटून उघडले. दादानं बारक्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत समाधान होतं, भावासाठी आपण नीट बोललो याचं. शाबासकीची वाट बघावी तसा तो बघत होता.

"म्हणजे मधल्या काळात काही त्रास नव्हता," साहेब म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

"तुम्हाला काही सांगायचंय?" डॉक्टरबाईंनी बारक्याला विचारलं.

बारक्याला काही सांगायचं नव्हतं. त्याला उठायचं होतं, खाली जायचं होतं, दादाला चहा पाजायचा होता. काय होईल, काठी येईल. दुकानात बसून हिशेब बघेन. काच उचलायला एखादा माणूस ठेवू. तो माणूस दादाच्या चालीनं चालेल का? आणि तोवर? तोवर मीच. गेल्या महिन्यात दवाखान्याच्या जिन्यात काच चढवताना खुबा मध्येच सुटल्यासारखा झाला होता. क्षणभरच. दादा खालच्या टोकाला होता, म्हातारा, बुटका, मान वर करून, गाणं म्हणत. काच जिन्याच्या कठड्याला टेकली म्हणून राहिली. दादा म्हणाला होता, "काय रे, दमलास?" आणि यानं सांगितलं होतं, "नाही, हात पुसला."

ज्याच्यासाठी इतकी वर्षं तोंड मिटलं, ती काच एक दिवस त्याच्याच अंगावर जाणार होती.

"दादा म्हणतो ते खरं नाही," बारक्या म्हणाला.

दादा हसला. "अरे, काय खरं नाही?"

"तो खोटं बोलत नाहीये. त्याला माहीत नाही." बारक्या डॉक्टरबाईंकडे बघून बोलत होता, शेजारी बघायची त्याची छाती होत नव्हती. "पाय बरा झालाच नाही. एक दिवस नाही. पहिल्या दोन वर्षांत तर बसलं तरी दुखायचं, झोपलं तरी. मग सवय झाली. थंडीत स्क्रू वेगळे कळतात, कुठला कुठे आहे ते मी बोट ठेवून दाखवीन. डॉक्टर विचारायचे तेव्हा हा शेजारी बसलेला असायचा. म्हणून मी बरं म्हणायचो."

दादा खुर्चीत त्याच्याकडे वळला.

"कधीपासून म्हणालास?" दादानं विचारलं. आवाज अगदी लहान होता.

"पहिल्यापासून, दादा."

"आणि मी..." दादाचे हात गुडघ्यांवरून घसरले. "मी दर आठवड्याला उभा राहून आभार मानत होतो रे. माझा भाऊ बरा केलास म्हणून. भर लोकांत. ते कसले आभार होते मग?"

"मी चालत होतो ना."

"चालत होतास!" दादा ओरडला. दाराच्या काचेतून बाहेरच्या बाकावरची बारक्याची बायको उठून उभी राहिलेली दिसली. "मला देवापुढे खोटं पाडलंस तू. इतकी वर्षं! एकदा सांगायचंस. मी मेलो नसतो."

"मेल्यासारखाच बसला होतास."

दादानं मान टेबलाकडे वळवली.

साहेबांनी घसा साफ केला. "हे बघा, तुमच्या भावना मला समजतात. पण आज येऊन असं कोणीही म्हणेल. फाइलमध्ये 'तक्रार नाही' आहे, आणि आत्ता साक्षीदारही तेच म्हणाले. या गोष्टीला आधार काय?"

डॉक्टरबाई काही म्हणणार होत्या. पण दादाच बोलला. तो साहेबांकडे बघत नव्हता. टेबलाच्या कडेकडे बघत होता, आणि प्रत्येक वाक्य असं काढत होता, जसं बोटातून काचेचा कण काढावा.

"हा जिना चढताना आधी उजवा पाय टाकतो. मग डावा त्याच्याशेजारी आणून ठेवतो. प्रत्येक पायरीला. मी म्हणायचो, काय रे, वरातीत चाललायस? लिहा."

साहेबांनी टोपण काढलं.

"खालच्या चौकटीला पट्टी मारायची असली की सगळे उकिडवे बसतात. हा जमिनीवर आडवा होतो. मी गिऱ्हाइकांदेखत म्हणायचो, बघा, आमचे महाराज पहुडले. सगळे हसायचे. हाही हसायचा. गाडीतून उतरताना दाराला लोंबकळून उतरतो. मला वाटायचं, अंग जड आहे. नाडीचे बूट त्यानं तेव्हापासून घातलेले नाहीत. आणि..." दादा थांबला. पुढचं त्याला निघेना. "आणि सभागृहात सगळे खाली बसतात. लहान पोरं, म्हातारी माणसं. हा खुर्चीवर. मी एकदा त्याला सगळ्यांसमोर बोललो. देवाच्या दारात तरी आळस सोड, म्हणालो. तो हो म्हणाला आणि दुसऱ्या आठवड्यात खाली बसला. उठताना भिंत धरून उठला. मी बघितलं. ते मी बघितलं होतं साहेब. सगळंच बघितलं होतं. मला बरा भाऊ हवा होता, म्हणून मी..."

तो रडला नाही. टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

डॉक्टरबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, खुब्याचा एक्स-रे फोटो उजेडाकडे धरला आणि साहेबांना म्हणाल्या, "वाटीची झीज जुन्या फुटीच्या रेषेवरूनच सुरू झालीये. दुसरा खुबा पाहा, वयाचं असतं तर तोही असाच झाला असता. मला आता चालायची हकीकतही मिळाली. हा उपचार मूळ दुखापतीचाच आहे असं मी लिहिते. तुम्हाला वर पाठवायचं असेल तर पाठवा, पण मी सही करणार."

साहेबांनी खांदे उडवले, पण नाही म्हणाले नाहीत. "मग मंजूर धरा," ते म्हणाले. "पत्र येईल." बारक्यानं हात जोडले. आनंद व्हायला हवा होता. तो कुठेतरी बाहेर जिन्यात थांबला असावा, आत आला नाही.

बाहेर बायकोनं दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "काय झालं? नाही म्हणाले?"

"हो म्हणाले," बारक्या म्हणाला.

दादा बाकावर बसला. सदऱ्याचं वरचं बटण काढायला लागला, ते निघेना. बारक्याच्या बायकोनं वाकून काढून दिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो, भाऊजी."

"रोज मला वाढत होतीस. माझं गाणं ऐकत होतीस."

"हो."

"एकदाही नाही वाटलं सांगावं?"

"रोज वाटायचं." तिचे डोळे भरले. "कधी कधी तुमच्या गाण्याचा इतका राग यायचा मला, की खिडकी लावून घ्यायची मी. मग वाटायचं, आपण केवढं पाप करतोय. मग उघडायची."

दादानं मान हलवली. कोणाला माफ केलं, कोणाला नाही, त्याच्या मानेवरून कळण्यासारखं नव्हतं. कॉरिडॉरमधून कोणी तरी चहाचे कप घेऊन गेलं. दूर कुठेतरी फोन वाजत राहिला आणि थांबला.

"मी आता त्याच्यापुढे काय म्हणून उभा राहू?" दादा म्हणाला. कोणापुढे ते त्यानं सांगितलं नाही. त्या दोघांनी विचारलंही नाही. बारक्या भावाच्या शेजारी बसला, तिरका, डावा पाय लांब करून. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दादा त्या पायाकडे बघत राहिला, उघड, टक लावून.

"आत्ता दुखतंय?"

"बरं..." बारक्याच्या तोंडून सवयीनं निघालं. मग तो थांबला. "हो. दुखतंय."

"कितपत?"

"डॉक्टरबाईंनी वळवला ना. फार दुखतंय, दादा."

लिफ्ट आली, दार उघडलं. आतल्या माणसानं यांच्याकडे पाहिलं, येताय का म्हणून. दादानं त्याला हातानं पुढे जायला सांगितलं. दार मिटलं, लिफ्ट गेली. दादा तसाच बसून राहिला, भावाच्या पायाकडे बघत, आणि त्यानं उठायची घाई केली नाही.